व्हिएतनाममध्ये रस्त्यावर स्वस्तात आणि निर्धास्त कसं खायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की नाशिकचं एक जोडपं डिसेंबरात नऊ दिवस व्हिएतनामला चाललंय, आधी हनोई, मग होई आन, शेवटी सायगाव म्हणजे हो चि मिन्ह सिटी. दादा सगळं खातात पण बीफ नको, वहिनी शाकाहारी, अंडं चालतं. टूरवाला म्हणतोय दोन्ही वेळचं जेवण इंडियन रेस्टॉरंटला लावून देतो. तर रस्त्यावर खाल्लं तर रोजचे किती पैसे धरायचे, पोट बिघडेल का, आणि शाकाहारी माणसाचं तिथं खरंच भागतं का, असं विचारलंय.

भागतं, आणि चांगलं भागतं. मी २०१५ ते २०१८ सायगावात राहिले आणि तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा आठ-दहा मराठी माणसांचा ग्रुप घेऊन जाते, त्यातले निम्मे तरी शाकाहारी असतात, एकदा तर ७२ वर्षांच्या काकू होत्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या, त्यासुद्धा अकरा दिवस व्यवस्थित जेवल्या. टूरवाल्याला सांगा की दोन्ही वेळचं इंडियन नको. एखाद्या संध्याकाळी फारच आठवण आली तर जा ना, त्यात काही वाईट नाही, पण तिथं दोघांचं पनीर-डाळ-रोटीचं बिल सहज चार-पाच लाख डाँग (तिथलं चलन) होतं आणि तेवढ्यात तुम्ही दोघं रस्त्यावर दिवसभर खाता.

आधी पैशाचंच सांगते. शंभर रुपयांना साधारण तीस हजार डाँग येतात, रेट थोडा खालीवर होतो पण डोक्यात एवढंच ठेवा, तीस हजार म्हणजे शंभर. रस्त्यावर हजार हा शब्द सहसा कुणी म्हणत नाही, पाटीवर ४० किंवा ४०के लिहिलं की ते चाळीस हजार, तोंडीही नुसतं चाळीस. बान मी म्हणजे भरलेला पाव २० ते ३५ हजार, फो म्हणजे रश्श्यातल्या शेवया ४० ते ६०, बुन चा म्हणजे शेवया आणि भाजलेलं पोर्क, कोम ताम म्हणजे कणीचा भात, ही दोन्ही साधारण तेवढ्यालाच, सॉय म्हणजे चिकट भात १५ ते २५, गार कोरा चहा ३ ते ५, उसाचा रस १० ते १५, फुटपाथवरची कॉफी २० ते ३०. अगदी टुरिस्ट भागात यापेक्षा जास्त पडतं. एका माणसाला दिवसाला दीड ते अडीच लाख डाँग धरा, म्हणजे ५०० ते ८०० रुपये, त्यात तीन वेळचं खाणं, दोन कॉफ्या, रस आणि रात्रीचं गोड असं सगळं बसतं. फक्त नोटा नीट बघून द्या. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाची पण निळसरच, दहा हजार आणि दोन लाखाची पण घाईत, कमी उजेडात गल्लत होते. मी स्वतः हनोईत एका सॉयवालीला वीस समजून पाच लाख दिले आणि चालायला लागले, ती बाई टोपलं तसंच टाकून माझ्या मागं पळत आली आणि नोट हातात कोंबली. सगळीकडं अशी बाई भेटेलच असं नाही, म्हणून पाच लाखाच्या नोटा वेगळ्या खिशात आणि सुट्टे वेगळे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता मुद्द्याची गोष्ट. तिथं रस्त्यावरचं चांगलं खाणं घड्याळावर चालतं. एक बाई, एक पदार्थ, ठरलेले तीन-चार तास, पातेलं संपलं की स्टुलं आत. आपल्याकडं पोह्यांची गाडी लावणारे काका साडेदहाला पातेलं घासून मोकळे होतात, अगदी तसंच. फो आणि सॉय सकाळचं, बुन चा हनोईत दुपारचं, काही पदार्थ चारनंतरचे, काही रात्रीचेच. जो पदार्थ त्याच्या वेळेला खाल तो ताजाही असतो आणि स्वस्तही, कारण त्या वेळेला आसपासची ऑफिसातली, बाजारातली माणसं तेच खायला बसलेली असतात आणि दर मिनिटाला नवीन वाटी भरली जाते. उलट दुपारी चारला एखाद्या दुकानात फो, बुन चा, पिझ्झा, थाई करी सगळं फोटोवालं मेन्यूकार्ड दिसलं की समजायचं हे आपल्यासारख्यांसाठीच उघडलंय, तिथं पैसेही जास्त जातात आणि चवही मिळत नाही. त्यामुळे मला कुणी दुकानांची नावं मागितली की मी वेळ सांगते. २०२३ मध्ये मिशेलिन गाईड, म्हणजे चांगल्या खाण्याच्या जागांची जगभर मानली जाणारी यादी, हनोई आणि सायगावला आलं, तेव्हापासून त्यातल्या छोट्या दुकानांसमोर मोठ्या रांगा असतात, जायचं तर जा, पण त्याच गल्लीतलं दुसरं भरलेलं दुकान पुष्कळदा तितकंच चांगलं असतं.

हनोईत पहिल्या सकाळी साडेसहाला बाहेर पडा, डिसेंबरात तिथं गारठा असतो, पंधरा-वीस डिग्री, स्वेटर घाला. जुन्या शहरात, जिथं गल्ल्यांची नावं हांग या शब्दाने सुरू होतात, कोपऱ्यावर बांबूचं मोठं टोपलं घेऊन बसलेली बाई शोधा, टोपल्यावर जाड गोधडीसारखं कापड टाकलेलं असतं. ते उचललं की वाफ येते, आत हळदीने पिवळा झालेला चिकट तांदूळ. हा सॉय सेओ. ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात घेते, मग डाव्या मुठीत शिजवून-कुटून घट्ट दाबलेला मूगडाळीचा गोळा धरते आणि उजव्या हातातल्या सुरीने त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या थेट भातावर पाडत जाते, सुरी किसणीसारखी चालते, दहा-बारा सेकंदांत भात दिसेनासा होतो, वर कुरकुरीत तळलेल्या छोट्या कांद्याची मूठ आणि शेवटी एका डब्यातलं चमचाभर तेल. इथं वहिनींनी लक्ष द्यायचं, कारण ते तेल बहुतेक वेळा कोंबडीची किंवा डुकराची चरबी असते. ती चमचा बुडवायच्या आत पानावर हात आडवा धरा आणि मान हलवा, बाईला लगेच कळतं. मग ते पान वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावून हातात येतं, गरम, वजनदार, आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. मूग, हळद, भात, तळलेला कांदा, यात आपल्याला परकं काहीच नाही.

दादांसाठी दुपारी साडेअकरा-बाराला बुन चा. दुकान शोधावं लागत नाही, धूर शोधायचा. दुकानाच्या तोंडाशीच कोळशाची लांबट शेगडी, डुकराच्या मांसाच्या छोट्या टिक्क्या आणि पोटाकडचे पातळ काप तारेच्या जाळीत दाबलेले, एक जण ती जाळी उलटीपालटी करत पंख्याने वारा घालतो. जाळीतून ते थेट कोमट पाण्यासारख्या आंबटगोड रश्शात पडतं, त्यात कच्च्या पपईचे आणि गाजराचे काप, सोबत एका ताटलीत भाताच्या पांढऱ्या शेवया आणि एक टोपली पाला. शेवया थोड्या थोड्या वाटीत बुडवून खायच्या, सगळ्या एकदम ओतायच्या नाहीत. या शेवयांना बुन म्हणतात, कोकणातले शिरवाळे ज्यांनी खाल्लेत त्यांना हात लावल्याबरोबर ओळख पटेल, फक्त आपण नारळाच्या गोड रसात खातो आणि ते तिखट-आंबटात. ओबामा मे २०१६ मध्ये हनोईत बुन चाच खायला बसले होते, टीव्हीवरच्या अँथनी बोर्डेन या अमेरिकन शेफबरोबर, प्लास्टिकच्या स्टुलावर, आणि दोघांचं बिल सहा डॉलर झालं होतं, ते दुकान आता चांगलंच गजबजलेलं असतं. सोबत चौकोनी तळलेला खेकड्याचा रोल मिळतो, तो वेगळे पैसे देऊन घ्यावा असा आहे.

बीफ नको असेल तर एक शब्द पाठ करा, बो. फो बो म्हणजे बीफचा, फो गा म्हणजे चिकनचा. पण दोन्ही विकणाऱ्या दुकानात रस्सा एकच असू शकतो, बीफच्या हाडांचा, वर फक्त चिकन टाकतात. म्हणून ज्याच्या पाटीवर फक्त फो गा लिहिलंय, समोर काचेत पिवळसर उकडलेल्या कोंबड्या टांगल्यात, तिथंच बसा. हनोईचा फो साधा असतो, रस्सा, शेवया, पातीचा कांदा, टेबलावर लसणाचा व्हिनेगर आणि मिरची, सोबत तळलेल्या पिठाच्या कांड्या बुडवून खायला, त्या कांड्यांचे पैसे वेगळे. उत्तरेकडची पुष्कळ माणसं १९५४ च्या फाळणीनंतर दक्षिणेत गेली आणि फो तिकडं पसरला, तिथं त्याच्याबरोबर मोड, तुळस, सॉस असा सगळा ताफा आला, त्यामुळे सायगावात फो मागवला की पाल्याचं अख्खं ताट समोर येतं. मला स्वतःला हनोईचा जास्त आवडतो, बडीशेपेच्या वासाचं चक्रीफूल, दालचिनी, मोठी वेलची, निखाऱ्यावर भाजलेलं आलं आणि कांदा हे सगळं त्या साध्या रश्श्यात सरळ कळतं. बुन बो ह्वे पण दादांनी टाळा, त्यात बीफ आणि पोर्क दोन्ही असतं.

आता वहिनींचं, आणि इथं सविस्तर लिहिते कारण इथंच सगळ्यांची फसगत होते. कुठल्याही साध्या दुकानात जाऊन विदाउट मीट म्हणायचं नाही. तो माणूस मनापासून मदत करेल, वाटीतले मांसाचे तुकडे काढेल आणि हाडांच्याच रश्श्यात शेवया घालून देईल, त्याच्या दृष्टीने त्यानं तुमचं काम केलंय. तिथं मांस नसणं आणि शाकाहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाकाहाराला त्यांच्याकडं नेमका शब्द आहे, तो बौद्ध धर्मातून आलाय, आणि उच्चार आपल्याला पाठच आहे, चाय. हिंदीतला चाय म्हणतो साधारण तसाच. अन चाय म्हणजे शाकाहारी जेवण, कोम चाय म्हणजे शाकाहारी भात-भाजीची खानावळ, फो चाय, बान मी चाय, बुन चाय, काहीही. पिवळ्या किंवा हिरव्या पाटीवर chay हा चार इंग्रजी अक्षरांचा शब्द दिसला की आत जा. पण नुसतं बोलून भागवू नका, शब्द मोबाईलवर लिहिलेला दाखवा, कारण त्यांच्या भाषेत सुराने अर्थ बदलतो, चाय वेगळ्या सुरात म्हटलं तर पळणं होतं, जळलेलं होतं, आणि हनोईत नुसता चा म्हणजे एका सुरात पिण्याचा चहा तर दुसऱ्या सुरात तीच वरची मांसाची टिक्की.

कोम चायमध्ये काचेमागं पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं, भातावर वाढतात, ३० ते ५० हजारात ताट भरतं. टोफूचे पाच-सहा प्रकार, मशरूम, वांगं, कच्चा फणस, आणि नाळीची भाजी, तीच आपली पाण्यातली, तिला ते राव मुओंग म्हणतात. कोळंबीसारखं, हॅमसारखं दिसणारं पण काही असतं, ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं, घाबरू नका, सुरुवातीला आमच्या प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी ताट सरकवतंच. जुन्या पद्धतीच्या बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही घालत नाहीत, म्हणून त्या काकूंचं इतकं सोपं झालं, कंदमुळं मात्र असतात, गाजर, मुळा, ते बघून घ्यावं लागतं. अंडंही नको असेल तर थुआन चाय म्हणायचं.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट. तिकडं पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, म्हणजे आपल्या अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला. त्या दोन दिवशी एरवी मांस विकणाऱ्या कितीतरी गाड्या टोफूचं बनवतात, बाजारात शाकाहारी रोल, शाकाहारी बुन असं काय काय येतं, देवळांच्या बाहेर तर रांग लागलेली असते. घरातलं कॅलेंडर काढा, पौर्णिमा-अमावास्या बघा, एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो पण अंदाज बरोबर येतो. मी ग्रुपच्या तारखा अशाच ठरवते.

चाय नसलेल्या ठिकाणी काय काय लपलेलं असतं ते सांगते. नुक माम, म्हणजे मासळी आणि मीठ पिंपात महिनोन्महिने मुरवून निघणारं पाणी, हे त्यांचं मीठच आहे, त्यामुळे साध्या परतलेल्या भाजीतही चमचाभर पडतं. दुसरं, ‘हात नेम’ नावाचा दाणेदार मसाला, तो बहुतेक वेळा डुकराच्या हाडांच्या अर्काचा असतो. तिसरं, हनोईत तळलेला टोफू आणि शेवयांच्या गोल वड्या अशी छान दिसणारी ताटली मिळते, बुन दाऊ, दिसायला पूर्ण शाकाहारी, पण सोबतची जांभळट चटणी आंबवलेल्या जवळ्याची असते, तिच्याऐवजी सोया सॉस मागायचा, उत्तरेत त्याला सी झाऊ म्हणतात आणि दक्षिणेत नुक तुआंग. तरी तळणीचं तेल एकच असतं, हे चालत असेल तरच खा. चौथं म्हणजे कापलेल्या पेरू-आंब्याबरोबर मिळणारं नारिंगी तिखटमीठ, त्यात सुकी कोळंबी असते, साधं मिरची-मीठ मागा. आणि पाल्यात एक हृदयाच्या आकाराचं पान असतं, जेप का, त्याला चक्क माशाचा वास येतो पण ते निव्वळ पान आहे, वहिनींना वास सहन झाला नाही तर बाजूला काढा, ताट बाटलेलं नाही.

निर्धास्तपणे खाण्यासारखं रस्त्यावर बरंच आहे. भाजलेलं रताळं, कणीस, पण कणसावर पातीच्या कांद्याचं तेल लावू नका म्हणून सांगा. मऊ लुसलुशीत टोफू साखरेच्या पाकात, थंडीत आलं घालून गरम, त्याला हनोईत ताव फो म्हणतात, त्याचा मूळच्या फोशी संबंध नाही. चे नावाचा प्रकार, मूग, चवळी, साबुदाणा, नारळाचं दूध, वर बर्फ. बान चोई म्हणून चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, आत गुळासारख्या साखरेचा खडा, उकडीचे मोदक करणाऱ्या बाईला ती पारी चाखल्या चाखल्या समजते. उसाचा रस छोटं आंबट फळ घालून पिळतात, ते लिंबापेक्षा चांगलं लागतं असं माझं प्रामाणिक मत. आणि हनोईतली अंड्याची कॉफी, १९४६ मध्ये दूध मिळत नव्हतं तेव्हा न्गुयेन वान जांग या मेट्रोपोल हॉटेलातल्या बारटेंडरने पिवळं बलक फेटून ती काढली, त्यांच्या नावाचं कॅफे अजून चालू आहे. वहिनींना अंडं चालतं म्हणून आवर्जून.

पोटाचं म्हणाल तर इतक्या वर्षांत माझ्या ग्रुपमध्ये जी पोटं बिघडली ती बहुतेक कोमट खाण्याने. उकळत्या रश्श्याचा, निखाऱ्यावरचा, समोर तळलेला पदार्थ खा, पाला कच्चा खायची भीती वाटत असेल तर गरम रश्श्यात दाबून ठेवा, तिथली माणसंही ठेवतात. नळाचं पाणी कुणीच पीत नाही, बाटली घ्या. बर्फाचं ओळखणं सोपं आहे, मधे भोक असलेल्या गोल नळकांड्या म्हणजे कारखान्यातला बर्फ, तो चालतो, लादी फोडून केलेला चुरा असेल तर बर्फाशिवाय प्या. चॉपस्टिक आणि चमचा टिश्यूने पुसून घ्यायची पद्धत आहे, कुणाला राग येत नाही. बान मीबद्दल मात्र जपून. पाव अप्रतिम, फ्रेंच लोकांकडून आलेला आणि तिथं पार त्यांचा झालेला, पण आतली पाते म्हणजे लिव्हरचा लेप आणि कच्च्या अंड्याचं मेयोनीज हे उन्हात तासन्‌तास राहिलं की बाधतं, व्हिएतनाममध्ये अशा विषबाधा अधूनमधून होतात. सकाळी आठच्या आत, धडाधड खपणाऱ्या गाडीवर घ्या, दुपारी घ्यायचाच तर ऑप ला म्हणा, म्हणजे समोर तळलेलं अंडं, काकडी, मुळा-गाजराचं लोणचं आणि सोया सॉस, वहिनींनाही हाच चालतो, फक्त पाते नको हे हाताने दाखवा. घरगुती तांदळाची दारू कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका. शेंगदाणे बाधत असतील तर आधी सांगा, फार ठिकाणी वरून पेरतात.

बोलण्याचं एक छोटं. तिथं वेटर, एक्स्क्यूज मी असं नसतं, आपल्यासारखीच नाती लावतात. आत्याच्या वयाच्या बाईला को, ताईला ची, दादाला आन, लहानाला एम, आणि हाक मारताना पुढं अय लावायचं. को अय, म्हणजे अहो आत्या. एवढं म्हणून बघा, ती बाई वळून हसतेच, आणि पुढचं बोटं दाखवून होतं. माझा अनुभव असा की नात्याने हाक मारली की भावही बहुधा स्थानिकांचाच लागतो. तरी पाटी नसेल तिथं खायच्या आधी किंमत विचारा, बोटावर किंवा कॅल्क्युलेटरवर. टेबलावर ठेवलेला ओला टिश्यू, शेंगदाणे, अंडी फुकट नसतात, दोन-तीन हजाराचं असतं म्हणून वाईट वाटायचं कारण नाही, पण एका टुरिस्ट बाजारात आमच्या नऊ जणांच्या बिलात न उघडलेले टिश्यूही लावले होते, तेव्हापासून मी नको असलेलं आल्या आल्या परत देते. हनोईत खांद्यावर कावड देऊन फोटो काढा म्हणणाऱ्या फळवाल्या भेटतात, फोटोनंतर फळं घ्यावीच लागतात आणि महाग.

होई आनमध्ये नदीकाठच्या कंदिलांखाली बसून जेवू नका, तिथून दोन-तीन गल्ल्या मागं या किंवा सकाळी बाजारात जा. दादांनी काव लाऊ खावा, जाडसर पिवळट शेवया, थोडासाच रस, वर डुकराचे काप, हा पदार्थ त्या गावचाच. जवळच दा नांगकडचा मी क्वांग, हळदीच्या शेवया, शेंगदाणे आणि तांदळाचा पापड चुरून. दोन्हीची चाय आवृत्ती मिळते. बान सेओ पण तिथंच खा, तांदळाचं पीठ आणि हळद, तव्यावर टाकलं की चर्रर आवाज, आपल्या धिरड्याची चुलत बहीण, आत कोळंबी-पोर्क असतं, वहिनींनी चायवाल्याकडं मशरूमचं घ्यायचं. डिसेंबरात तिकडं पाऊस असतो, कधी नदीचं पाणी गल्लीत येतं, तेव्हा गाड्या कमी लागतात, एवढं धरून चला.

सायगावात खाणं गोडसर होतं, नेटाने मिरची मागा. सकाळी आणि रात्री कोम ताम, म्हणजे सरळ सरळ कणीचा भात. गिरणीत तुटलेला, विकला न जाणारा तांदूळ गरीब माणूस शिजवून खायचा, त्याचाच आता शहराचा मुख्य पदार्थ झालाय, वर कोळशावर भाजलेली डुकराची फासळी आणि तळलेलं अंडं. कण्या खाऊन वाढलेल्या माझ्या आजीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ विचारत राहिली, कणीला किती पाणी घालतात, मऊ करतात की मोकळी. मोकळी करतात. रात्री दादांना शंख-शिंपल्या खायच्या असतील तर विन्ह खान रस्ता, १ जुलै २०२५ पासून कागदोपत्री शहरातले जिल्हे गेले तरी टॅक्सीवाले आणि लोक अजून चौथा जिल्हाच म्हणतात. तिथं समुद्री माल वजनावर असतो, भाव आधी ठरवा. बेन थान्ह मार्केट बघायला जा, खायला नको.

घरून फराळाचं ओझं नेऊ नका. शेंगदाण्याची कोरडी चटणी पावशेर, ओआरएसची चार पाकिटं आणि एक स्टीलचा चमचा पुरे. तिकिटं अजून काढली नसतील तर एकच करा, दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा यंदा कधी येते ते बघा, ती तुमच्या नऊ दिवसांत बसत असेल तर होई आनचे दोन दिवस त्याच तारखांना धरा. तिथं चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावात दिवे मालवून फक्त कंदील ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळ ठिकाणी चाय शिजतं, वहिनींना त्या दिवशी चायच्या कितीतरी गाड्यांसमोर उभं राहून बोट दाखवता येईल.